जाहिरात क्षेत्रात नोकरी शोधताना रिक्रूटरचा उपयोग : पुण्यातील नवोदितांसाठी

दरवर्षी मे-जूनच्या सुमारास अभिनव कला महाविद्यालय, विमाननगरची सिम्बायोसिस डिझाइन संस्था, लोणी काळभोरची एमआयटी, फर्ग्युसन रस्त्यावरची रानडे इन्स्टिट्यूट अशा ठिकाणांहून नुकतीच बाहेर पडलेली मुले-मुली आमच्या कार्यालयात भेटायला येतात, आणि इकडचे तिकडचे बोलणे संपले की बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : "सर, एखादा चांगला कन्सल्टंट माहीत आहे का, जो एजन्सीत लावून देईल?" कॉपीरायटर, म्हणजे जाहिरातींचा मजकूर लिहिणारा, म्हणून सुरुवात करून पुढे माणसे निवडण्याचे कामही अंगावर आल्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मी पाहिल्या आहेत. उत्तर सरळ आहे. पहिल्या नोकरीसाठी रिक्रूटरचा, म्हणजे अशा माणसे शोधून देणाऱ्याचा, उपयोग क्वचितच होतो. दोन-तीन वर्षांचे काम गाठीशी आल्यावर मात्र तोच रिक्रूटर खरोखर कामाला येतो, अर्थात त्याच्याशी कसे वागायचे हे ठाऊक असेल तर. असे का होते आणि दोन्ही टप्प्यांवर नेमके काय करायचे, हे क्रमाने सांगतो.

पायरी पहिली : पैसे कोण देतो ते समजून घ्या

ज्याला आपण कन्सल्टंट म्हणतो, तो उमेदवारासाठी काम करत नाही. त्याचा ग्राहक एजन्सी किंवा कंपनी असते आणि फीही तीच देते. आपल्याकडे बराच काळ रूढ असलेला हिशेब वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याच्या पगाराएवढा आहे. वरच्या पदांसाठी हा दर वाढतो. आता एखाद्या एजन्सीला वर्षाला तीन लाखांवर नवा कॉपीरायटर घ्यायचा आहे असे धरा. कन्सल्टंटमार्फत घेतला तर सुमारे पंचवीस हजार रुपये फी, वर जीएसटी. त्याच एजन्सीच्या ईमेलमध्ये नवोदितांचे अर्ज न मागता रोज येऊन पडत असतात. मग ती हे पंचवीस हजार का मोजेल? उलट, आठ वर्षे वाहन उद्योगाच्या जाहिराती केलेला, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहिणारा क्रिएटिव्ह ग्रुप हेड हवा असेल, तर तो अर्ज करून येणार नाही, कुठेतरी काम करत असणार, आणि त्याला शोधून, विचारून, तयार करून आणण्यासाठी एजन्सी लाख रुपयेही देईल. रिक्रूटरने तुमचा फोन उचलला नाही, तर त्यामागे बहुतेक वेळा एवढेच गणित असते. तुमच्या गुणवत्तेवरचा तो निकाल नसतो.

रिक्रूटरचेही प्रकार आहेत. माणूस रुजू झाला तरच फी घेणारा कन्सल्टंट सर्वांत जास्त आढळतो आणि एकाच जागेसाठी असे तीन-चार जण एकाच वेळी धावत असतात. क्रिएटिव्ह डायरेक्टर किंवा त्यावरच्या पदांसाठी काही संस्था आगाऊ रक्कम घेऊन एकट्याने शोध करतात. तिसरा प्रकार कंपनीच्या स्वतःच्या एचआर विभागातल्या भरती पाहणाऱ्या व्यक्तीचा. ती पगारी नोकर असते, तिला फीचा प्रश्न नसतो, आणि म्हणून नवोदिताने ओळख करून घ्यायची असेल तर ती आधी हिच्याशी करून घ्यावी. चौथा प्रकार कंत्राटी माणसे पुरवणाऱ्यांचा, जिथे तुम्ही काम एका कंपनीत करता आणि पगार दुसरीकडून घेता. फोन आला की समोरची व्यक्ती यांपैकी कोण आहे, हे पहिल्या दोन मिनिटांत विचारून घ्यावे. यात कोणाचा अपमान होत नाही.

पायरी दुसरी : आपण कुठल्या रांगेत आहोत ते ठरवा

पुण्याचे जाहिरात क्षेत्र मुंबईपेक्षा वेगळ्या पायावर उभे आहे. इथे बांधकाम व्यावसायिक, सराफ, शिक्षणसंस्था, दुग्ध आणि खाद्यपदार्थांचे उद्योग, पिंपरी-चिंचवड व चाकणच्या पट्ट्यातले वाहन व यंत्रसामग्रीचे कारखाने आणि हिंजवडी-खराडीतल्या सॉफ्टवेअर कंपन्या असे जाहिरातदार आहेत. त्यांची कामे करणाऱ्या बऱ्याचशा एजन्सी लहान किंवा मध्यम आकाराच्या आहेत. तिथे मालक स्वतःच मुलाखत घेतो आणि ओळखीतून आलेल्या माणसाला आधी बोलावतो. कन्सल्टंटला फी देण्याची पद्धत अशा ठिकाणी फारशी रुजलेली नाही.

कन्सल्टंटचे फोन पुण्यात जास्त येतात ते कंपन्यांच्या अंतर्गत डिझाइन आणि कंटेंट विभागांसाठी. सॉफ्टवेअर कंपनीच्या किंवा मोठ्या बांधकाम समूहाच्या एचआरला इंजिनिअर आणि अकाउंटंट कसे निवडायचे ते पक्के माहीत असते. जाहिरातीची दृश्य बाजू ठरवणाऱ्या आर्ट डायरेक्टरचे काम कसे जोखायचे हे मात्र माहीत नसते, म्हणून ते हे काम बाहेर देतात. तिथे पगार बऱ्याचदा एजन्सीपेक्षा बरा असतो आणि वेळ ठरलेली असते. त्याची दुसरी बाजू अशी की सगळी वर्षे एकाच ब्रँडवर जातात आणि पुढे एजन्सीकडे परतायचे म्हटले तर पोर्टफोलिओ, म्हणजे कामांचा संग्रह, एकसुरी दिसतो. यातले काहीही निवडा, पण कन्सल्टंटने "मोठी कंपनी आहे, सोडू नका" म्हटले म्हणून निवडू नका. माझे स्वतःचे मत असे आहे की पहिली तीन वर्षे एजन्सीत, शक्य तितक्या वेगवेगळ्या ग्राहकांवर काढावीत. हात तिथेच बसतो.

मुंबईला जायची तयारी आहे का, हा प्रश्न पुण्यातल्या उमेदवाराला प्रत्येक कन्सल्टंट विचारतो. उत्तर खरे द्यावे. "बघू" असे सांगून पुढे तिसऱ्या फेरीनंतर नकार दिला, तर त्या माणसाचे एजन्सीपुढे हसे होते आणि तो पुन्हा तुमचे नाव काढत नाही. जायची तयारी असेल, तर सव्वासातची डेक्कन क्वीन पकडून एकाच दिवसात दोन-तीन भेटी उरकता येतात. त्या ठरवतानाच वेळांचा मेळ घालून मागाव्यात. सध्या मुंबईतल्या बहुराष्ट्रीय एजन्सींची घडी बदलते आहे हेही ध्यानात ठेवावे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ऑम्निकॉम या जाहिरात समूहाने इंटरपब्लिक हा दुसरा समूह ताब्यात घेण्याचे काम पूर्ण केले आणि त्यापाठोपाठ डीडीबी, एफसीबी, मलनलो ही एजन्सींची जुनी नावे बंद करण्याचे जाहीर केले. अशा विलीनीकरणाच्या काळात अनुभवी माणसे बाजारात येतात, नव्या भरतीला वरून मंजुरी मिळायला वेळ लागतो, आणि "पुढच्या आठवड्यात कळवतो" म्हणणारा कन्सल्टंट खोटे बोलत नसतो, त्यालाच वरून काही कळलेले नसते.

पायरी तिसरी : पोर्टफोलिओ दुरुस्त करा

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण नोकरी कोणत्याही मार्गाने मिळो, निर्णय पोर्टफोलिओवरच होतो.

मागच्या उन्हाळ्यात एक मुलगी आली होती. उपयोजित कलेची पदवी, हात चांगला, आणि लिहायचीही आवड. तिने एका कन्सल्टंटला सहा वेळा ईमेल केली होती आणि एकदाही उत्तर आले नव्हते. मी तिची फाइल तिच्यासमोरच माझ्या फोनवर उघडली. बेचाळीस एमबीची पीडीएफ उतरेपर्यंत आमचा अर्धा चहा झाला. चौतीस पाने होती. पहिले पान तिच्या छायाचित्राचे, दुसरे "माझ्याबद्दल", तिसऱ्यावर सॉफ्टवेअरची यादी आणि प्रत्येकापुढे किती टक्के येते त्याच्या पट्ट्या, मग महाविद्यालयातली स्केचेस, दोन लोगो, मैत्रिणीच्या लग्नाची पत्रिका. सत्ताविसाव्या पानावर पाडव्यासाठी एका काल्पनिक सराफी पेढीची जाहिरात होती. चित्रात पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली एक पावती, आणि खाली ओळ : "आजीच्या पाटल्यांची पावती आम्ही अजून जपून ठेवली आहे." ना मुहूर्त, ना झळाळी, ना पर्वणी. पाडव्याच्या दिवशी वर्तमानपत्रांत सोन्याच्या जाहिरातींची पानेच्या पाने भरलेली असतात, त्यांत ही एक जाहिरात वाचली गेली असती. पण सत्ताविसाव्या पानापर्यंत कोणीही पोचत नाही. कन्सल्टंट तर नाहीच, त्याच्याकडे त्या दिवशीच्या चाळीस फायली असतात.

तिला जे सांगितले तेच इथे लिहितो. सर्वांत चांगले काम पहिल्या पानावर, दुसऱ्या क्रमांकाचे शेवटच्या पानावर, आणि एकूण कामे आठ ते बारा. सुट्या जाहिरातींपेक्षा एकाच कल्पनेवर उभ्या राहिलेल्या तीन-चार जाहिराती ठेवाव्यात. पावतीची कल्पना चांगली आहे, तर त्याच पेढीचे होर्डिंग कसे दिसेल, इन्स्टाग्रामवर ती कशी चालेल, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला जुनी पावती शोधून कशी दाखवता येईल, हेही करून दाखवावे. प्रत्येक कामाखाली दोन ओळींत अडचण काय होती आणि तुम्ही काय सुचवले ते लिहावे, आणि त्यात तुमचा वाटा कोणता ते स्पष्ट सांगावे : ओळ तुमची की मांडणी तुमची, की फक्त फाइल छपाईला पाठवली. जाहिरात क्षेत्र छोटे आहे. दुसऱ्याचे काम आपले म्हणून दाखवलेले आठवड्याभरात उघडे पडते. फाइल पाच-सात एमबीच्या आत ठेवावी, किंवा बिहान्ससारख्या कामे मांडण्याच्या संकेतस्थळावर ठेवून एकच दुवा द्यावा. तो दुवा परवानगी न मागता उघडतो का, हे मित्राच्या फोनवर तपासून घ्यावे.

नोकरीत केलेले काम पोर्टफोलिओत घालताना एक पथ्य पाळायचे असते. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. प्रसिद्ध झालेली जाहिरात स्वतःचे काम म्हणून दाखवण्याला सहसा कोणी हरकत घेत नाही. काम मिळवण्यासाठी ग्राहकापुढे मांडलेली अप्रकाशित पिच, ग्राहकाने नाकारलेले पर्याय किंवा गोपनीयतेच्या कराराखालचे काम मात्र कन्सल्टंटच्या हाती देऊ नये. ती फाइल पुढे कोणाकोणाकडे जाईल यावर तुमचा ताबा राहत नाही, आणि ती त्याच ग्राहकाच्या प्रतिस्पर्ध्याच्या टेबलावरही जाऊ शकते.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी थोडे. हिंदी किंवा इंग्रजी कॅम्पेनचे मराठी रूपांतर करण्याचे काम पुण्यात भरपूर आहे आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही, परंतु पोर्टफोलिओत मूळ मराठीतून सुचलेले काम वेगळे आणि रूपांतर वेगळे ठेवावे. रूपांतराशेजारी मूळ ओळ द्यावी, म्हणजे तुम्ही शब्दाला शब्द ठेवला की मराठी माणूस जे म्हणाला असता ते शोधले, हे वाचणाऱ्याला दिसेल. चांगला मराठी कॉपीरायटर मिळत नाही ही तक्रार मी वर्षानुवर्षे ऐकतो आहे, आणि ज्या थोड्या जागांसाठी कन्सल्टंट तुलनेने कमी अनुभवाच्या माणसालाही शोधतो, त्यांत ही जागा आहे.

पायरी चौथी : पहिल्या नोकरीसाठी सरळ दार ठोठवा

नवोदिताने आपला बहुतेक वेळ थेट संपर्कावर घालवावा. ज्या पंधरा-वीस एजन्सींचे काम तुम्हाला खरेच आवडते त्यांची यादी करा, त्यांतली क्रिएटिव्ह डायरेक्टर किंवा ग्रुप हेड ही माणसे लिंक्डइनवर शोधा आणि प्रत्येकाला वेगळी, छोटी ईमेल लिहा. "आदरणीय महोदय, मी एक सर्जनशील आणि मेहनती युवक असून" अशी सुरुवात असलेली ईमेल मी स्वतः शेवटपर्यंत वाचलेली नाही. त्यांच्या एखाद्या जाहिरातीत तुम्हाला काय दिसले ते दोन वाक्यांत, तुमच्या तीन कामांचा दुवा, आणि किती दिवसांत रुजू होऊ शकता, एवढे पुरे. दहा दिवसांनी एकदा आठवण द्यावी, नंतर नवे काम झाले की ते पाठवावे. नव्या कामासह आलेली दुसरी ईमेल रिकाम्या हाती आलेल्या पाच आठवणींपेक्षा जास्त उघडली जाते.

इंटर्नशिपला नाही म्हणू नये, पण तिची मुदत, विद्यावेतन आणि शेवटी नोकरीचा विचार होणार का, हे आधी लेखी विचारावे. कॉपी टेस्ट, म्हणजे लिखाणाची चाचणी, मिळाली तर ती मनापासून करावी. आमच्याकडे येणाऱ्या उत्तरांत निम्म्या लोकांनी पहिली सुचलेली गोष्टच लिहून पाठवलेली असते. कला महाविद्यालयातला मित्र आणि लिहिणारे तुम्ही अशी जोडी जमत असेल तर जोडीनेही अर्ज करता येतो. कॉपीरायटर आणि आर्ट डायरेक्टर यांनी एकत्र बसून विचार करायचा ही पद्धत १९४९ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या डॉयल डेन बर्नबाक या एजन्सीत बिल बर्नबाक यांनी रुजवली आणि पुढे जगभर पसरली. आजही तयार जोडी मिळाली तर बऱ्याच क्रिएटिव्ह डायरेक्टरांना ती हवीच असते.

दुसऱ्या दाराने आत जाण्याचाही विचार करावा. प्रसिद्ध जाहिरातकार पीयूष पांडे १९८२ साली ऑगिल्व्ही या एजन्सीत रुजू झाले ते क्लायंट सर्व्हिसिंगमध्ये, म्हणजे ग्राहक सांभाळणाऱ्या विभागात. लिहिण्याच्या विभागात ते नंतर आले. कोणताही कन्सल्टंट सर्व्हिसिंगमधल्या माणसाचे नाव कॉपीरायटरच्या जागेसाठी पाठवणार नाही, कारण त्याला मागणीपत्रातल्या अटींशी जुळणारा माणूस द्यायचा असतो. एजन्सीच्या आत मात्र तुमचे लिखाण शेजारच्या टेबलावरचा माणूस वाचू शकतो. प्रूफ तपासण्याच्या, सोशल मीडियाच्या किंवा स्टुडिओतल्या आर्टवर्कच्या कामावर लागून दीड-दोन वर्षांत क्रिएटिव्हमध्ये गेलेली माणसे मी पाहिली आहेत.

पायरी पाचवी : दोन वर्षांनंतर योग्य रिक्रूटर शोधा

आता रिक्रूटरकडे वळायला हरकत नाही. अलीकडे नोकरी बदललेल्या तीन सहकाऱ्यांना विचारा की मध्ये कोण होते आणि त्याचे वागणे कसे होते. एवढी चौकशी कोणत्याही जाहिरातीपेक्षा भरवशाची आहे. लिंक्डइनवर त्या व्यक्तीने गेल्या सहा महिन्यांत कोणत्या जागा टाकल्या ते पाहा. एका दिवशी जावा डेव्हलपर, दुसऱ्या दिवशी नर्स आणि तिसऱ्या दिवशी आर्ट डायरेक्टर शोधणारा माणूस प्रामाणिक असू शकतो, पण तुमचे काम जोखण्याची नजर त्याच्याकडे असण्याची शक्यता कमी. कॉपीरायटर आणि कंटेंट रायटर, व्हिज्युअलायझर आणि ग्राफिक डिझायनर यांत तो फरक करतो का, एवढे बोलण्यातून लक्षात येते. असे दोन, फार तर तीन कन्सल्टंट पुरतात.

त्याने तुम्हाला शोधावे अशीही सोय करून ठेवावी. नोकरी डॉट कॉम किंवा लिंक्डइनवर शोध घेणारा माणूस ठरावीक शब्द टाकून शोधतो. पदाच्या जागी तुम्ही "कथा विणणारा" किंवा "कल्पनांचा कारागीर" असे लिहिले, तर "कॉपीरायटर, पुणे, मराठी, तीन वर्षे" या शोधात तुम्ही दिसणारच नाही. कल्पकता पोर्टफोलिओत दाखवा, पद मात्र बाजारात चालते तेच लिहा. सोबत वर्षे, हाताळलेले उद्योग, भाषा, शहर आणि नोटिस पिरिअड सरळ नोंदवा. हे नोंदणीचे काम अर्ध्या तासाचे आहे.

पायरी सहावी : फोन आला की काय विचारायचे

फोन सहसा असा सुरू होतो : "नमस्कार, एका मोठ्या एजन्सीत सीनियर कॉपीरायटरची ओपनिंग आहे. आपला करंट सीटीसी किती, आणि सीव्ही लगेच पाठवता का?" सीटीसी म्हणजे तुमच्यावर होणारा कंपनीचा वर्षाचा एकूण खर्च. इथे घाई करू नये. नम्रपणे म्हणावे, "जरूर पाठवतो मॅडम, फक्त एजन्सी कोणती आणि कोणत्या ब्रँडवर काम आहे ते सांगाल का? माझे नाव पाठवण्याआधी मला एकदा विचाराल ना?" काही वेळा नाव गुप्त ठेवण्याचे खरे कारण असते, म्हणजे ज्याच्या जागी माणूस घ्यायचा तो अजून त्याच खुर्चीत बसलेला असतो. तरी निदान एजन्सीचा आकार, भाग आणि ग्राहकांचा उद्योग तरी सांगता आला पाहिजे. पुढे विचारावे की जागा नवी आहे की कोणी सोडून गेले, गेले असल्यास का, कोणाच्या हाताखाली काम आहे, किती फेऱ्या होतील आणि पगाराची मर्यादा काय ठरली आहे. ज्याच्याकडे या जागेचे काम खरोखर सोपवलेले आहे त्याला यातले बहुतेक माहीत असते. ज्याला यातले काहीच माहीत नाही, तो बऱ्याचदा फक्त सीव्ही गोळा करत असतो.

नाव पाठवण्याआधी विचारण्याचा आग्रह मी का धरतो, त्यामागे माझा स्वतःचा फटका आहे. चौथ्या वर्षी मला ज्या एजन्सीत जायची फार इच्छा होती, तिथे दोन कन्सल्टंटनी एकाच आठवड्यात माझा सीव्ही पाठवला. एकाला मी पाठवायला सांगितले होते, दुसऱ्याकडे तो वर्षभरापूर्वीचा पडून होता आणि त्याने मला न विचारता पुढे सरकवला, तोही जुन्या पगाराच्या आकड्यासह. फी कोणाची यावरून वाद नको म्हणून एजन्सीच्या एचआरने माझे नावच बाजूला ठेवले. मला हे कळले ते तीन महिन्यांनी, तिथे काम करणाऱ्या मित्राकडून. ज्याने उमेदवाराचे नाव आधी पाठवले, त्याचा त्या उमेदवारावर काही महिने हक्क मानण्याची रीत या व्यवसायात आहे. म्हणून एक साधी एक्सेल फाइल ठेवावी : तारीख, कन्सल्टंट, एजन्सी, पद, सांगितलेला पगार, उत्तर. आणि संमती नेहमी ईमेलने द्यावी, "अमुक एजन्सीतील अमुक पदासाठीच माझा सीव्ही पाठवावा" अशा शब्दांत. जिथे तुम्ही स्वतः आधीच अर्ज केला आहे ते नाव निघाल्यास तिथल्या तिथे सांगावे.

मुलाखतीनंतर चांगला कन्सल्टंट क्रिएटिव्ह डायरेक्टरला काय आवडले, काय खटकले हे आणून सांगतो. ते आवर्जून मागावे. एकट्याने अर्ज करणाऱ्याला ही माहिती जवळजवळ कधीच मिळत नाही, आणि माझ्या दृष्टीने कन्सल्टंटकडून होणारा सर्वांत मोठा लाभ हाच आहे.

पायरी सातवी : फसवणूक आणि फुकटचे काम

नोकरीसाठी उमेदवाराकडून नोंदणी, प्रशिक्षण, लॅपटॉपची अनामत किंवा "फाइल पुढे सरकवण्यासाठी" पैसे मागणाऱ्याशी बोलणे तिथेच थांबवावे. फी एजन्सी देते, हे पहिल्या पायरीत सांगितले आहे. ऑफर मिळण्यापूर्वी आधार, पॅन, बँकेचा तपशील किंवा मूळ प्रमाणपत्रे देऊ नयेत. पैसे गेलेच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे, कारण पहिल्या काही तासांत व्यवहार अडवला जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. दुबई किंवा सिंगापूरच्या एजन्सीचे आमिष दाखवले गेले, तर उत्प्रवासन कायदा, १९८३ खाली त्या एजंटाची नोंदणी आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते.

चाचणी म्हणून दिलेल्या कामाचा प्रश्न जास्त नाजूक आहे. काल्पनिक ब्रीफवर, म्हणजे कामाच्या मागणीवर, दोन-चार तासांचे काम मागणे योग्यच आहे. पण खऱ्या ग्राहकाचे नाव, खरी तारीख आणि महिन्याभराच्या पोस्ट मागितल्या जात असतील, तर ती चाचणी राहत नाही. अशा वेळी कन्सल्टंटला मध्ये घालून विचारावे की हे काम वापरले गेल्यास मानधन मिळेल का. केलेल्या कामाच्या प्रत्येक पानावर नाव आणि तारीख घालून पीडीएफच द्यावी, मूळ फाइल देऊ नये.

पायरी आठवी : पगार, नोटिस आणि रुजू होणे

सीटीसी आणि हातात येणारी रक्कम यांत नवोदित हमखास गोंधळतात. सीटीसीमध्ये भविष्य निर्वाह निधीतला कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटीची तरतूद, विम्याचा हप्ता, कधी कधी वर्षाअखेर मिळेल की नाही असा बोनसही धरलेला असतो. म्हणून दरमहा बँकेत किती जमा होईल हा आकडा लेखी मागावा. लहान एजन्सी पुष्कळदा नोकरीऐवजी सल्लागार म्हणून करार करतात. त्यात दहा टक्के टीडीएस कापला जातो, जो विवरणपत्र भरून हिशेबात धरता किंवा परत मिळवता येतो, पण भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि बहुधा पगारी रजाही नसते. त्याच आकड्यावर नोकरी आणि सल्लागारी यांची तुलना करू नये.

कन्सल्टंटला सध्याचा पगार फुगवून सांगू नका, पुढे पगाराच्या पावत्या मागितल्या जातातच. अपेक्षा सांगताना खालची मर्यादा मनाशी ठरवून थोडा वरचा आकडा सांगावा आणि त्यामागचे कारण द्यावे. तुमचा पगार वाढला की त्याची फीही वाढते, त्यामुळे घासाघीस त्याच्यामार्फत करणे सोयीचे जाते. पण त्याला माणूस रुजू होण्यात त्याहून जास्त रस असतो, आणि दोन-तीन लाखांच्या फरकासाठी तो सौदा मोडू देणार नाही, हेही ओळखून असावे. घाई करवली तरी अपॉइंटमेंट किंवा ऑफर लेटर सहीनिशी हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नये. नोटिस पिरिअड तीन महिन्यांचा असेल तर तो पहिल्याच फोनवर सांगावा, आणि नवी एजन्सी उरलेल्या दिवसांची रक्कम भरून लवकर घेणार असल्यास तेही पत्रात लिहून घ्यावे. जुनी एजन्सी पगार वाढवून थांबवू पाहील. थांबायचे असेल तर तो विचार ऑफर स्वीकारण्याआधी करावा. नंतर फिरल्यास कन्सल्टंट, नवी एजन्सी आणि तिथला क्रिएटिव्ह डायरेक्टर हे तिघेही ते विसरत नाहीत.

रुजू झाल्याच्या दिवशीच उरलेल्या कन्सल्टंटना दोन ओळींची ईमेल पाठवून नाव मागे घ्यावे. ज्याच्यामार्फत नोकरी लागली, त्याचा फोन पहिल्या तीन महिन्यांत एक-दोनदा येईलच. कन्सल्टंट आणि एजन्सी यांच्या बहुतेक करारांत साठ किंवा नव्वद दिवसांची हमी असते, तेवढ्यात तुम्ही सोडून गेलात तर त्याला दुसरा माणूस विनामूल्य द्यावा लागतो किंवा फी परत करावी लागते. त्या फोनवर सगळे छान आहे असे सांगून वेळ मारून नेऊ नका. ठरलेला ब्रँड मिळाला नसेल, ज्याच्या हाताखाली काम करायचे ठरले तोच सोडून गेला असेल, पगाराची तारीख हुकत असेल, तर ते स्पष्ट सांगा. त्या नव्वद दिवसांत एजन्सीशी बोलून गोष्ट मार्गी लावण्यात त्याचे पैसेही अडकलेले असतात.